गाडी लाल, पैसे वडिलांचे

सांगलीच्या गावभागातून एका वाचकाचं दोन पानी पत्र आलंय. वय 36, पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून, हातात महिन्याला 1 लाख 35 हजार. पत्नी खासगी शाळेत शिकवते, तिचे 28 हजार. मुलगी सहा वर्षांची. घर वडिलांचं, कर्ज नाही, दाराशी 2019 ची स्विफ्ट. सगळा खर्च जाऊन महिन्याला 40 हजार उरतात. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला असताना वहीच्या मागच्या पानावर काढायचे ती लाल, दोन दारांची गाडी त्यांना आता घ्यायची आहे. पुण्याच्या डीलरकडे दोन आहेत: 2013 ची बीएमडब्ल्यू झेड4, 26 लाखांना, आणि 2017 ची फोर्ड मस्टँग, 48 लाखांना. "आत्ता कर्ज काढून घेतो आणि ऑगस्ट 2027 मध्ये पॉलिसीचे 40 लाख आले की एकरकमी फेडतो. सर, कोणती घेऊ?"

ही पॉलिसी कसली, ते दुसऱ्या पानावर एका ओळीत उरकलंय: "बाबांच्या रिटायरमेंटचे 24 लाख होते, बँकेतल्या मॅडमनी एफडीपेक्षा चांगलं म्हणून लावून दिले. वर्षाला 4 लाख, पाच वर्षं, मग डबल."

ती ओळ वाचली आणि गाडीचं पान मी उलटं करून ठेवलं. पॉलिसीचे कागद व्हॉट्सॲपवर मागवले. ते बघून लिहितोय.

आधी तोंडी हिशेब. 4 लाखांचे पाच हप्ते. पहिला पाच वर्षं राहणार, शेवटचा एकच वर्ष. म्हणजे पैसे सरासरी तीन वर्षं राहिले. तीन वर्षांत दामदुप्पट व्हायला किती व्याज लागेल, याचा ठोकताळा म्हणजे 72 ला 3 ने भागा: दरसाल 24 टक्के. असा दर बँकेच्या काउंटरवर मिळत असता तर सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्यांनी पेठ बंद ठेवून तिथे रांग लावली असती. तुम्ही इंजिनिअर आहात. हा भागाकार चार वर्षांत एकदाही करावासा वाटला नाही?

आता कागद काय म्हणतात ते बघा. हप्ते भरायचे दहा वर्षं. पॉलिसीची मुदत वीस वर्षं. 2022 ला घेतली, मुदत संपणार ऑगस्ट 2042 ला. तुमचे वडील तेव्हा 78 वर्षांचे असतील. विमा उतरवलाय तुमचा, 40 लाखांचा, कारण त्यांच्या वयाला हप्ता महाग पडला असता. अर्जात त्यांचा व्यवसाय 'शेती व व्यापार' आणि वार्षिक उत्पन्न 18 लाख. ते जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक, पेन्शन 31 हजार! पेन्शनवर 4 लाखांचा हप्ता बसत नाही म्हणून कागदावर उत्पन्न फुगवलं, एवढाच अर्थ. खात्री करायला कंपनीचा फोन आला तेव्हा "सगळ्याला हो म्हणा" असं मॅडमनी सांगितल्याचं तुम्हीच फोनवर बोललात.

एक कागद मात्र तुमच्या कामाचा आहे. फायद्याच्या तक्त्यात दोन रकाने असतात, 4 टक्के आणि 8 टक्के गृहीत धरून केलेले. 4 च्या रकान्यात शेवटी 55 लाख, 8 च्या रकान्यात 92 लाख. त्या 92 लाखांभोवती निळ्या पेनाने गोल केलाय आणि बाजूला त्याच पेनाने लिहिलंय, '5 वर्षे – डबल'. हे मूळ पान लॅमिनेट करायला देऊ नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा.

8 टक्के हे मोघम गृहीतक आहे, त्याची हमी कुणी दिलेली नाही. आणि 8 च्या रकान्यातले 92 लाख खरोखर हातात पडले, तरी तुमच्या हप्त्यांवर दर पडतो साडेपाच टक्के. 4 च्या रकान्यात तो जेमतेम 2 आहे. पीपीएफ 7.1 देतं, आणि त्यासाठी कुणाला हो म्हणावं लागत नाही.

पुढे अजून वाईट आहे. 24 पैकी 16 लाख गेले, 8 उरले. त्यातून यंदाचा आणि पुढच्या वर्षीचा हप्ता जाईल. 2028 पासूनचे चार हप्ते, म्हणजे 16 लाख, कोण भरणार? वडील भरू शकत नाहीत. तुम्ही. ज्या वर्षी तुम्ही गाडीचं कर्ज एकरकमी फेडणार होता, त्याच्या पुढच्याच वर्षापासून.

आणि हे 24 लाख आले कुठून? त्यातला मोठा भाग पेन्शन विकून आलाय. सरकारी भाषेत अंशराशीकरण. एकरकमी पैसे मिळावेत म्हणून वडिलांनी 15 वर्षं कमी पेन्शन कबूल केली, पूर्ण पेन्शन 2037 ला सुरू होणार. दर महिन्याला थोडी पेन्शन सोडून माणसाने रोख रक्कम घेतली आणि ती 2042 पर्यंत अडकवून ठेवली. यात त्यांचा दोष मी धरत नाही. बँकेत चाळीस वर्षं खातं, काउंटरपलीकडे ओळखीचा चेहरा, चहा येतो. माझ्याकडे अशा फायली घेऊन येणाऱ्यांत मास्तर फार असतात.

काय करायचं ते सांगतो. ऑगस्टचा हप्ता भरू नका. चार हप्ते भरलेले असल्याने पॉलिसी बुडत नाही, पेड-अप होते, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू राहते. आजची सरेंडर किंमत, म्हणजे पॉलिसी आत्ता मोडली तर हातात येणारी रक्कम, कंपनीकडून लेखी मागा. अशा पॉलिसीत चार वर्षांनंतर हमीची किंमत भरलेल्या हप्त्यांच्या निम्मी, म्हणजे 8 लाख. बोनसची किंमत धरून 9 समजू. पण लगेच सरेंडर करू नका. त्याआधी वडिलांच्या सहीने कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज द्या: चुकीचं उत्पन्न, चुकीचा व्यवसाय, निळ्या पेनाचं पान, सोबत पेन्शनचं पासबुक. मागणी पूर्ण 16 लाखांची. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात, फी नाही, वकील लागत नाही. चार वर्षं उशीर झालाय, त्यामुळे जिंकालच असं मी म्हणणार नाही. कागद बरे आहेत, एवढंच.

हरलात तर सरेंडर. पेड-अप ठेवून 2042 ची वाट बघण्यात वडिलांचा काय फायदा? 9 आणि शिल्लक 8 असे 17 लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्या 8.2 टक्के, दर तिमाहीला 35 हजार हातात. सगळे 24 लाख सुरुवातीपासून मोकळे राहिले असते तर आज 49 हजार आले असते. 7 लाख गेले असं धरून चाला आणि ते भरून काढायला दुसरी 'योजना' शोधू नका.

तुमचा स्वतःचा 40 लाखांचा विमा यात जाईल. तसाही तो तोकडा होता. दीड कोटीचा टर्म विमा घ्या, म्हणजे परताव्याशिवायचा निव्वळ विमा, वर्षाला 20-25 हजारांत होईल, आणि तो सरेंडरच्या आधी हातात हवा.

आता गाडी.

झेड4 ला दोनच सीट. मुलीला कुठे बसवणार? 13 वर्षांच्या गाडीला बहुतेक बँका वाहनकर्ज देत नाहीत, डीलर तुम्हाला पर्सनल लोनकडे ढकलेल. 20 लाख, पाच वर्षं, 12 टक्क्यांनी मिळाले तरी हप्ता साडेचव्वेचाळीस हजार, उरतात 40. 2028 ला गाडीला 15 वर्षं होतील, नोंदणीचं नूतनीकरण आलं. मेंटेनन्स 'महिन्याला 5 हजार' हे तुम्ही स्विफ्टवरून ठरवलेलं दिसतंय. दुमडणारं धातूचं छप्पर एकदा अर्ध्यात अडकलं की दोन वर्षांचे 5 हजार एका बिलात जातात.

मस्टँगबद्दल मलाही ममत्व आहे. पाच लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, 2016 ला इकडे आली तेव्हा किंमत 65 लाखांच्या घरात. पण फोर्डने 2021 ला भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. लिटरला 7 किलोमीटर धरले तर पुण्याला जाऊन यायला 7 हजारांचं पेट्रोल, आणि पेठ नाक्यापासून सांगलीपर्यंत गाडीचं पोट किती वेळा घासेल ते तुम्ही जास्त चांगलं सांगाल. शिवाय तुम्ही गावभागात राहता. 2019 ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 45. तळघरातल्या पार्किंगमध्ये 48 लाख लावणार? त्या पुरातल्या गाड्या धुऊनपुसून कुठे गेल्या, हेही एकदा डीलरला विचारा. जुनी कुठलीही गाडी घेताना सीटखालचं कार्पेट उचलून बघायचं आणि विम्यात इंजिन प्रोटेक्शन घ्यायचं. साध्या पॉलिसीत पाण्यात सेल्फ मारून बिघडलेलं इंजिन धरत नाहीत.

तुमचं खरं बजेट असं: 40 पैकी 25 हजार महिन्याला वेगळे, तीन वर्षांत साधारण 10 लाख. स्विफ्टचे 4. एकूण 14, बिनकर्जाचे. त्यात वापरलेली फोक्सवॅगन व्हर्टस जीटी बसेल: 1.5 टर्बो, 150 हॉर्सपॉवर, मॅन्युअल गिअर, मागे मुलगी आणि आजी-आजोबा. जरा थांबायची तयारी असेल तर 2017 ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस शोधा, 230 हॉर्सपॉवर. दारं चार आहेत, पण लाल मिळते. मी असतो तर थांबलो असतो.

डीलरला 51 हजार टोकन दिल्याचं पत्राच्या शेवटी, सहीच्या खाली लिहिलंय. पावतीवर 'नॉन-रिफंडेबल' छापलंय का बघा. नसेल तर याच आठवड्यात ईमेलने परत मागा. आणि विमा कंपनीच्या अर्जाची पोच मिळाली की ती वडिलांच्या फाइलला लावा, तुमच्या नको.