बंद पडलेल्या गुऱ्हाळघराचा गोठा करावा की गोदाम?

करवीर तालुक्यातलं तुमचं 30 बाय 50 फुटांचं गुऱ्हाळघर बरीच वर्षं बंद आहे. ते पाडावं, म्हशींना द्यावं की खताचं गोदाम करावं, असं तुम्ही विचारलंय. पाडू नका, गोठा करा. रस उकळायच्या मोठ्या कढईची, म्हणजे काहिलीची, वाफ निघून जावी म्हणून गुऱ्हाळाचं छप्पर उंच आणि आढ्याला मोकळं ठेवलेलं असतं. गोठ्यातली दमट हवाही त्याच वाटेनं बाहेर पडते. त्याच मोकळ्या आढ्यापायी पावसाळ्यात युरियाची पोती मात्र दगड होतील.

खरी फसगत चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीच्या खड्ड्यात होते. लोक वरून माती लोटून लगेच कोबा घालतात. आत राख आणि अर्धवट जळालेलं चिपाड तसंच राहतं, पावसात ते खाली बसतं आणि पोकळ कोबा म्हशीच्या पायाखाली फुटतो. म्हणून राख तळापर्यंत उपसा. भाजून भुसभुशीत झालेल्या विटा काढा. धुराड्याकडे जाणारा बोगदाही वरून फोडा. तो हमखास विसरला जातो. मग मुरूम सहा-सहा इंचांच्या थरानं, पाणी मारून, धुमसानं ठोकत भरा. एक पावसाळा तसंच राहू द्या, कोबा नंतर. धुराडं तडकलं असेल तर वरून एकेक थर उतरवा.

धुरानं काळे पडलेले वासे बघून घाबरू नका. लाकूड कुजतं ते भिंतीत घुसलेल्या टोकाशी. तिथं स्क्रूड्रायव्हर टोचा. सहज इंचभर गेला तर तुळई बदला. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नको, आतली ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात. चुन्याचा करा.

म्हशी तोंडासमोर तोंड अशा दोन ओळींत बांधा: मधे 4 फुटांचा चाऱ्याचा बोळ, दोन्हीकडे 2 फुटांची गव्हाण, साडेपाच फुटांची उभं राहायची जागा, फूटभर गटार, मागे साडेतीन फूट वाट. एकूण 28 फूट, म्हणजे तुमच्या रुंदीत बसतं. दर म्हशीला 4 फूट रुंदी धरली तर दारं सोडून वीसेक म्हशी मावतील. जमिनीला गटाराकडे दीड इंच उतार द्या आणि ती खरबरीत ठेवा.

घाण्याच्या इंजिनाचा पाया फोडू नका, कडबाकुट्टी त्यावर बसेल. वायरिंग तेवढं नवं घ्या. मात्र 2019 किंवा 2021 च्या पुराचं पाणी तिथं आलं असेल, तर उंचावर जनावरं हलवायची जागा आधी ठरवा, मगच खर्चाला हात घाला.