घोडे, रेशीम आणि मधले सोग्दियन

प्रश्न: गवताळ प्रदेशातले भटके लोक शेतकऱ्यांना लुटूनच जगत, असं वाचलं होतं. त्यांच्यात व्यापार होता का?

उत्तर: होता, आणि भरपूर. कळपांवर लोकर, कातडी, घोडे मिळतात. धान्य नि कापड मात्र शेतकऱ्यांकडूनच आणावं लागे. उलट चीनच्या शेतीपट्ट्यात चांगले घोडे निपजत नसत. आठव्या शतकात उइघुर हे भटके लोक एका घोड्यामागे रेशमाचे चाळीसेक तागे मागत!

या दोघांना जोडणारे होते मध्य आशियातल्या समरकंद-पंजिकंत या शहरांचे सोग्दियन व्यापारी. तुर्क खानांच्या दरबारात ते लेखनिक असत, दूतही असत. त्यांच्यातलाच मानियाख 568 मध्ये रेशमाच्या व्यापारासाठी थेट बायझंटाईन राजधानी कॉन्स्टँटिनोपलला पोहोचला.

मला मात्र दरबारापेक्षा एक पत्र जवळचं वाटतं. 1907 साली वायव्य चीनमधल्या दुनहुआंगजवळ एका ओसाड टेहळणी बुरुजात चौथ्या शतकातली सोग्दियन पत्रं सापडली. त्यांतल्या एका पत्रात मिवनाय नावाची बाई नवऱ्याला लिहिते, मी पुन्हापुन्हा पत्रं पाठवते, पण तुझं एकही पत्र येत नाही. या व्यापाराचा विषय निघाला की मला आधी तीच आठवते. ते पत्र नवऱ्यापर्यंत पोहोचलंच नाही.