ल्युपस उसळला की किती मागे बघायचं?

तुम्ही लिहिलंय की दिवसभर घरातच असता, खाण्याचं पथ्यही पाळता, तरी गालांवरचं पुरळ आणि सांधेदुखी परत आली; आदल्या दिवशी वेगळं काहीच केलं नव्हतं. ल्युपससोबत, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते त्या आजारासोबत, बरीच वर्षं काढल्यावर सांगते, आदल्या दिवसात शोधू नका. उन्हाचा परिणाम काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनीही दिसतो. तोवर आपण ऊन विसरलेलो असतो आणि दोष बिचाऱ्या कालच्या जेवणाला देतो.

घरात असता म्हणजे बसता कुठे? खिडकीची साधी काच अतिनील किरणांपैकी यूव्हीबी बरेचसे अडवते, पण यूव्हीए आत येतात. गाडीच्या बाजूच्या काचांचंही बहुधा तेच. या किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात, त्यांच्या केंद्रकातले घटक उघडे पडतात आणि आपली प्रतिकारशक्ती नेमकी त्यांच्यावरच तुटून पडते. म्हणून ऊन लागतं त्वचेला आणि दुखतात सांधे. सनस्क्रीन ब्रॉड स्पेक्ट्रम, म्हणजे यूव्हीए-यूव्हीबी दोन्ही अडवणारं, किमान ३० एसपीएफचं घ्या. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. कान आणि मान हमखास राहून जातात. माझा जास्त भरवसा मात्र लांब बाह्यांवर.

दुसरा प्रश्न अवघड आहे: हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनच्या, म्हणजे ल्युपस आटोक्यात ठेवणाऱ्या नेहमीच्या औषधाच्या, गोळ्या चुकताहेत का? हे औषध शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, त्यामुळे बंद केलं तरी लगेच काही जाणवत नाही आणि ‘गोळीशिवायही बरं आहे’ असं वाटतं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात, आजार शांत असताना ही गोळी थांबवलेल्यांमध्ये फ्लेअरचं, म्हणजे आजार पुन्हा उसळण्याचं, प्रमाण सुमारे अडीच पट होतं.

सिगारेट ओढत असाल तर सोडाच. त्वचेच्या ल्युपसवर या गोळीचा गुणही तिच्यामुळे कमी येतो. ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून एकिनेशिया ही वनौषधी किंवा अल्फाल्फाचे मोड कुणी सुचवले तर नको म्हणा. सल्फा गटातल्या अँटिबायोटिकनेही फ्लेअर येऊ शकतो, म्हणून नव्या डॉक्टरांना ल्युपस आहे हे आधीच सांगा.

ताण टाळा, असं मी सांगणार नाही. तो कुणाला टळलाय? झोप मात्र सांभाळा.

ताप आला तर तो फ्लेअरचाच, असं घरी ठरवू नका. संसर्गही असू शकतो, विशेषतः स्टेरॉइड चालू असताना. आणि या वेळी लघवीतलं प्रथिन तपासून घ्या, कारण मूत्रपिंडाला सूज आली तरी सुरुवातीला काहीच दुखत नाही.