लहान मुलांना चूक-बरोबर कधीपासून कळायला लागतं?
साधारण 2 वर्षांच्या आसपास. काही सांडलं-फुटलं की मूल आधी आपल्या चेहऱ्याकडे बघतं. तेव्हा 'चूक' म्हणजे मोठे रागावतात ते, एवढंच. हेतू कळायला वेळ लागतो. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे मुलांना विचारायचे: एकाच्या हातून नकळत 15 कप फुटले, दुसऱ्याने गुपचूप जॅम काढताना 1 फोडला, जास्त चूक कोणाची? लहानगी बहुधा 15 वाल्याला धरायची! (गोष्ट सोपी करून सांगितली तर 3-4 वर्षांची मुलंही हेतू ओळखतात, असं नंतर दिसलं.) म्हणून नुसतं 'मारू नकोस' ओरडण्यापेक्षा 'बघ, त्याला लागलं, रडतोय तो' हे जास्त पोचतं. आणि हो, फोनवर 'मी घरी नाही म्हणून सांग' हेही ते ऐकत असतं बरं का.