जुन्या ट्रकचे लोंबलेले दार: खुंट्याला हात लावण्याआधी बिजागरी पाहावी

आपल्या जुन्या टाटा ४०७ चे चालकाच्या बाजूचे दार वर उचलून ढकलल्याशिवाय लागत नाही, गॅरेजमध्ये दाराच्या मागच्या खांबावरचा, लॉक ज्यात अडकते तो खुंटा थोडा खाली सरकवून घेतल्यावर महिनाभर बरे चालले आणि आता खुंटा आणखी खाली सरकवायला जागाच उरलेली नाही, असे आपण लिहिले आहे. गाडी मालवणच्या बाजूला चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांच्या) भाड्यावर असते, हेही आपण सांगितले ते बरे झाले, कारण या दुखण्याचा निम्मा भाग त्यातच आहे. माझ्याकडे देवगड तालुक्यात चिरे आणि हंगामात आंबा वाहणाऱ्या दोन जुन्या गाड्या बरीच वर्षे होत्या आणि दोन्हींची दारे अशीच लोंबली होती. पहिल्या गाडीच्या वेळी मीही खुंटाच हलवत बसलो होतो. खुंटा खाली घेतला म्हणजे दार लागते खरे, पण ते लोंबलेल्या जागी लागते. बिजागरीची झीज तशीच चालू राहते आणि दाराचा पत्रा खालच्या उंबऱ्यावर घासू लागतो.

गाडी सपाट जागी उभी करून दार वीतभर उघडावे, त्याची मागची कड दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवावी आणि दुसऱ्या माणसाला बिजागऱ्यांकडे नीट पाहत राहायला सांगावे. दार हलते पण बिजागरीची पुढच्या खांबावरची पाटी स्थिर राहते, तर पिन आणि तिच्याभोवतीचे बुश (नळीसारखे अस्तर) गेले आहेत. पाटीच खांबावर हलते, तर बोल्ट ढिले आहेत. पाटीबरोबर खांबाचा पत्राही श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होत असेल, तर खांब आतून गंजला किंवा तडकला आहे आणि काम मेकॅनिकचे नसून डेन्टरचे, म्हणजे पत्र्याचे काम करणाऱ्याचे आहे. काहीच हलत नसेल आणि तरी दार खाली असेल, तर बिजागरी वाकलेली असते. दाराचा थांबवणारा पट्टा तुटला की घाटात वाऱ्याच्या झोताने दार पुढे भिरकावले जाते आणि बिजागरी वाकण्याचे ते नेहमीचे कारण आहे, म्हणून तो पट्टाही त्याच वेळी पाहून घ्यावा.

पिनमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, डोळ्यांना किरकोळ वाटतो, पण त्याचा हिशोब करून पाहावा. दोन बिजागऱ्यांमध्ये ४० सेंटीमीटर अंतर आणि दाराची रुंदी ८० सेंटीमीटर धरली, तर वरच्या बिजागरीतला १ मिलिमीटर प्ले मागच्या कडेला २ मिलिमीटर होऊन उतरतो आणि खालची बिजागरीही झिजलेली असेल तर आणखी वाढतो. लॉकच्या जबड्याला खुंट्यावर बसायला तेवढा फरक अडचणीचा ठरतो.

माझ्या गाडीची वरची पिन काढली तेव्हा ती एका अंगाने इतकी खाल्लेली होती की नख फिरवले तर पायरीला अडकत होते, आणि बुशच्या जागी ग्रीस व चिऱ्याची लाल धूळ यांचा वाळलेला लगदा होता. खाणीवरच्या गाड्यांचे हेच होते. जांभ्याची बारीक धूळ ग्रीसमध्ये मिसळली की ती पॉलिश पेपरचे काम करते, त्यात खाऱ्या हवेचा गंज आणि पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारे पाणी. वर भर म्हणून चालक आणि क्लीनर दोघेही दाराला लोंबकळून कॅबिनमध्ये चढतात, कारण आतला दांडा कधीच तुटलेला असतो. तो दांडा आधी बसवून घ्या असे मी आग्रहाने सांगेन, नाहीतर नवीन बुशही फार टिकणार नाहीत.

पिन बदलताना आधी बिजागरीच्या पाट्यांभोवती खिळ्याने रेघ ओढून मूळ जागा खूण करून ठेवावी. दाराखाली जॅक आणि जॅकवर फळी, त्यावर गोणपाट ठेवून दाराचे वजन जेमतेम उचलावे. दोन्ही पिना एकदम काढू नयेत. एक बसवून झाल्यावर दुसरी काढावी. गंज सोडवणारे तेल आदल्या संध्याकाळी सोडून ठेवले तर पिन बहुधा सकाळी सुटते. तिचे डोके कोणत्या बाजूला आहे ते पाहून उलट बाजूने सुंभ्याने (पंचने) ठोकावी, कारण डोक्यावरच ठोकून ठोकून बिजागरीचा कान तोडलेले मी पाहिले आहेत. बुश तयार मिळाले नाहीत तर जुनी पिन आणि बिजागरी लेथवाल्याकडे न्यावी. तो भोक गोल करून पितळी बुश आणि त्या मापाची पिन करून देतो. लंबगोल झालेल्या भोकात नुसती नवीन पिन घालण्यात अर्थ नाही.

बिजागरीत लाकडी ठोकळा अडकवून दार जोराने दाबण्याचा उपाय आपल्याला कोणीतरी सुचवीलच. वाकलेल्या बिजागरीवर तो कधी लागू पडतो, झिजलेल्या पिनवर मुळीच पडत नाही, आणि गंजक्या खांबावर केला तर पत्रा फाटतो. खांबच गेला असेल तर कुजलेला पत्रा कापून आतून जाड पाटी देऊन वेल्डिंग करावे लागते. त्याआधी बॅटरीची तार काढावी, आतले अस्तर व गादी बाजूला करावी आणि काम झाल्यावर आतून रेड ऑक्साईड (गंजरोधक रंग) लावावे. कॅबिन बॉडीवाल्याने लाकडी चौकटीवर बांधलेली असेल तर वेल्डिंगचा प्रश्नच नाही. तिथे ओल्या लाकडात स्क्रूची पकड सुटलेली असते आणि आरपार बोल्ट, मागे मोठे वायसर, हाच उपाय उरतो.

पिना नव्या झाल्यावर दार बंद करून फटी पाहाव्यात. मागची कड अजून खाली असेल तर वरच्या बिजागरीचे बोल्ट थोडे ढिले करून जॅकने दार केसभर उचलावे आणि बोल्ट आवळावेत. बिजागरी खांबाच्या मागच्या तोंडावर बसणारी असेल तर खालच्या बिजागरीमागे एक पातळ वायसर घातल्यानेही मागची कड वर येते. ही जुळवणी करताना गाडी रिकामी आणि सपाटीवर असावी. एक चाक चिऱ्यावर चढवल्याबरोबर फट बदलत असेल तर दारापेक्षा कॅबिनखालचे रबर आणि तिच्या चौकटीचे सांधे तपासण्याची गरज आहे.

लॉक वेगळे तपासावे. दार उघडे असताना स्क्रूड्रायव्हरने जबडा फिरवला की दोन वेळा टक् असा आवाज यायला हवा आणि मूठ ओढताच जबडा झटकन मोकळा व्हायला हवा. तो सुस्त असेल तर लॉक काढून डिझेलमध्ये धुवावे, वाळवावे आणि त्यात पातळ तेल सोडावे. जाड ग्रीस भरले तर धूळ पुन्हा तिथेच चिकटते. पहिल्याच टकवर अडकलेले दार बाहेरून लागल्यासारखे दिसते आणि फोंडा किंवा करूळ घाटाच्या वळणावर उघडू शकते, म्हणून पुढच्या पासिंगपर्यंत (आरटीओच्या तपासणीपर्यंत) दाराला दोरी बांधून गाडी चालवण्याचा आपला विचार मला पटत नाही.

एवढे झाल्यावर खुंटा त्याच्या जुन्या जागी परत न्यावा. रंगावर त्याच्या वायसरचा ठसा बहुधा दिसतोच. जबड्याच्या तोंडाला ग्रीसचा ठिपका लावून दार हलकेच टेकवावे आणि ठिपका खुंट्यावर कुठे उमटतो ते पाहावे. मध्यावर उमटला तर बोल्ट आवळून टाकावेत. दाराच्या तळाची पाणी जाणारी भोके तेवढी तारेने मोकळी करून घ्यावीत. माझ्या दुसऱ्या गाडीच्या दारातून ओंजळभर लाल चिखल निघाला होता.