जुन्या पिकअपचा हीटर कोर: बदलण्याआधी एवढं बघा

भाऊ, हीटर कोर म्हणजे डॅशबोर्डच्या आतला छोटा रेडिएटर; इंजिनचं गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) त्यातून फिरतं आणि केबिनला गरम हवा मिळते. तो गळला की कूलंट पायाशी येतं, पण ठाण्याच्या पावसाळ्यात पायाशी मॅट ओली दिसली की लगेच कूलंट समजू नका. बोट लावून पाहा: पाणी असेल तर सुकतं, कूलंट चिकट लागतं आणि गोडसर वास येतो. काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल तर बहुधा कोर फुटलाय.

गळती नाही, फक्त गरम हवा येत नाही? इंजिन तापल्यावर फायरवॉलजवळचे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळचे) कोरला जाणारे दोन्ही होज (रबरी नळ्या) सांभाळून चाचपा. एक गरम, एक गार म्हणजे कोर तुंबलाय किंवा हीटर व्हॉल्व्ह (कोरकडे जाणारं कूलंट चालू-बंद करणारी झडप) बंद आहे. दोन्ही कोमट असतील तर आधी कूलंटची पातळी आणि थर्मोस्टॅट (इंजिनचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह) बघा. कोरवर उगाच खर्च नको.

नवीन घेताना जुना सोबत न्या. पाइपचा बाहेरचा व्यास, कोरची जाडी आणि पाइपची दिशा जुळलीच पाहिजे.

काम थंड इंजिनवरच. चिकटलेला होज पिळू नका, पाइप कोरच्या मुळाशी तुटतो. होज उभा चिरून नवाच टाका. कोरभोवतीची फोमपट्टी विसरू नका, नाहीतर हवा बाजूनेच निसटते. एसीचा कूलिंग बॉक्स सोडवावा लागत असेल तर गॅस आधी एसीवाल्याकडून काढून घ्या.

शेवटी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर ५०:५०. नळाचं पाणी अजिबात नको. गाडीचं तोंड चढाकडे ठेवून, हीटर फुल गरमवर करून, रेडिएटरची कॅप उघडी ठेवूनच थंड इंजिन चालू करा. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. दुसऱ्या दिवशी थंड असताना पातळी पुन्हा बघा.