खेळाडू एकच, क्रमवाऱ्या दोन

महिला टेनिसमध्ये एकेरी धरावी की दुहेरी, याबद्दल बरीच पत्रे आली. त्यांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : ग्रँडस्लॅमची दुहेरी जिंकणाऱ्या मुलींनाही एकेरीचीच ओढ का असते? विजेतेपद ते विजेतेपदच ना?

गुणांच्या हिशेबात आहेच. ग्रँडस्लॅम, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांतली एखादी, जिंकली की एकेरीत 2000 गुण मिळतात आणि दुहेरीतही प्रत्येकीला तेवढेच. पैशांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. 2025 च्या विम्बल्डनचे आकडे पाहा. एकेरीच्या विजेतीला 30 लाख पाउंड, दुहेरीच्या विजेत्या जोडीला 6 लाख 80 हजार, म्हणजे एकीच्या वाट्याला 3 लाख 40 हजार. दुहेरी जिंकायला सलग सहा सामने जिंकावे लागतात. त्याच स्पर्धेत एकेरीत चार सामने जिंकून उपांत्यपूर्व फेरीत हरलेली खेळाडू 4 लाख पाउंड घेऊन गेली.

खरी टोचणी तळाशी आहे. एकेरीत पहिल्याच फेरीत हरलेलीला 66 हजार पाउंड मिळाले, दुहेरीत पहिल्या फेरीत हरलेल्या जोडीला 16 हजार 500, म्हणजे एकीला 8,250. आठपटींचा फरक. म्हणून एकेरीत पहिल्या शंभरात शिरणे हे बहुतेकींचे पहिले लक्ष्य असते. ग्रँडस्लॅमच्या 128 जणींच्या एकेरीत 104 जागा थेट क्रमवारीवर भरतात, 16 पात्रता फेरीतून आणि 8 वाइल्ड कार्डने, म्हणजे आयोजकांच्या खास आमंत्रणावर. शंभराच्या आत असलेलीला वर्षातून चार वेळा पहिल्या फेरीची अशी रक्कम हक्काने मिळते, आणि प्रशिक्षक, फिजिओ, विमानतिकिटे हा वर्षाचा खर्च बराचसा त्यातून निघतो.

प्रश्न : मग दोन्ही खेळायला काय हरकत आहे? निवड करायची वेळ नेमकी कधी येते?

हरकत काहीच नाही, पण दोन्ही क्रमवाऱ्या एकमेकींच्या जवळपास असल्या पाहिजेत. एलिस मर्टेन्स एकेरीत बाराव्या स्थानापर्यंत गेली आणि दुहेरीत अव्वल झाली. कातेरिना सिनियाकोव्हा दुहेरीत अव्वल आणि एकेरीत तिची सर्वोत्तम क्रमवारी 27. अशा खेळाडूला मोठ्या स्पर्धेत दोन्हीकडे थेट प्रवेश असतो. दोन्ही सामने एकाच आवारात, फार तर एखाद्या दिवशी दोनदा कोर्टवर उतरावे लागते.

गाडी अडते ती दोन क्रमवाऱ्या फाकल्या की. समजा एक खेळाडू एकेरीत 160 वी आणि दुहेरीत 35 वी आहे. दुहेरीच्या क्रमवारीवर तिला डब्ल्यूटीएच्या (महिला टेनिस संघटनेच्या) 500 किंवा 1000 या वरच्या दर्जाच्या स्पर्धेत जागा आहे. एकेरीच्या 160 वर तिथे फार तर पात्रता फेरी मिळेल, कित्येकदा तीही नाही. एकेरीचे गुण तिला खालच्या दर्जाच्या डब्ल्यूटीए 125 मध्ये किंवा आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) डब्ल्यू 75, डब्ल्यू 100 स्पर्धांत मिळवता येतील. आठवडा तोच, पण शहरे वेगळी, कधी तर खंडच वेगळे. आज कुठले विमान पकडायचे, हा प्रश्न तिला जवळजवळ दर सोमवारी पडतो. निवड म्हणतात ती हीच. पत्रकार परिषद घेऊन होणारा निर्णय पुढे कधीतरी येतो. त्याआधी वर्ष-दीड वर्ष तो स्पर्धांच्या प्रवेशअर्जांवर घेतला गेलेला असतो.

यात आणखी एक कात्री आहे आणि ती बाहेरून दिसत नाही. पुढच्या आठवड्याच्या स्पर्धेची पात्रता फेरी साधारण शनिवार-रविवारी असते. चालू आठवड्याच्या दुहेरीची उपांत्य आणि अंतिम फेरीही त्याच सुमारास. दुहेरीत चांगले खेळाल तितकी पुढची एकेरीची पात्रता हुकणार! आदल्या आठवड्यात एकेरीत शेवटपर्यंत टिकल्यामुळे पात्रता हुकली, तर 'स्पेशल एक्झेम्प्ट' नावाच्या सवलतीतून मुख्य फेरीत जागा मिळू शकते. दुहेरीत टिकल्याबद्दल अशी सवलत नाही. परिणामी दुहेरी वर जाते, एकेरीला स्पर्धाच कमी पडतात. क्रमवारी मागच्या 52 आठवड्यांची असते, जुने गुण गळत राहतात आणि 160 ची 220 व्हायला एक हंगाम पुरतो.

स्पर्धांची गरजही सारखी नाही. 2024 मध्ये नियम बदलले तेव्हा एकेरीसाठी वर्षातल्या सर्वोत्तम 18 आणि दुहेरीसाठी 12 स्पर्धांचे गुण धरायचे ठरले. आधी ते आकडे 16 आणि 11 होते. म्हणजे दुहेरीची क्रमवारी तुलनेने कमी स्पर्धांत बांधता येते. एकेरी अजून सोडवत नसेल तर आमच्या मते शहाणपणाचा मार्ग हाच : मोठ्या स्पर्धांचे मोजके आठवडे दुहेरीला द्यावेत, मधले सलग चार-पाच आठवडे खालच्या दर्जाच्या स्पर्धांत फक्त एकेरी खेळावी. एक आठवडा हे, एक आठवडा ते, असे केले की दोन्हीकडे पाणी सोडावे लागते.

प्रश्न : दुहेरीची जोडी ठरते कशी? क्रमवारी कोणाची धरतात?

दोघींच्या क्रमवाऱ्यांची बेरीज धरतात. बेरीज जितकी लहान तितका प्रवेश सोपा. प्रवेशासाठी एकेरी किंवा दुहेरी यांतली जी क्रमवारी चांगली ती वापरता येते. मानांकन, म्हणजे सोडतीत अव्वल जोड्यांना दिलेले क्रमांक, मात्र दुहेरीच्या क्रमवारीवर. त्यामुळे दुहेरी फारशी न खेळणारी, पण एकेरीत विसावी असलेली खेळाडू ऐन वेळी कोणाचा तरी हात धरून आत येते आणि दुहेरीतल्या 60-70 व्या क्रमांकाच्या जोडीचा प्रवेश हुकतो. दुहेरीच्या विशेषज्ञांची ही जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे.

एकेरीतली नामवंत जोडीदार मिळणे ही लॉटरी खरी, पण ती एकेरीत पुढे गेली आणि दमली तर आधी दुहेरीतून माघार घेते. एकीने माघार घेतली की दुसरीचाही आठवडा वाया, प्रवासखर्च अंगावर. म्हणून विशेषज्ञ शक्यतो विशेषज्ञच निवडतात. कोण डावीकडून रिटर्न (सर्व्हिसचा परतफटका) घेणार हेही आधीच ठरवावे लागते, कारण सेट चालू असताना बाजू बदलता येत नाही.

प्रश्न : एकेरीत भारी खेळणारी दुहेरीत अडखळते ती कशामुळे?

मुख्यतः रिटर्नमुळे. एकेरीत कोर्टच्या मधोमध खोल मारलेला रिटर्न सुरक्षित मानतात. दुहेरीत तोच चेंडू नेटपाशी उभ्या असलेलीला आयता मिळतो. तिथे रिटर्न तिरका, बुटका आणि सर्व्हिस करून पुढे येणारीच्या पायाशी पडणारा लागतो. शिवाय जागेचे गणित फसवे आहे. दुहेरीचे कोर्ट 10.97 मीटर रुंद, एकेरीचे 8.23, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या 1.37 मीटरच्या. सर्व्हिसचा चौकोन मात्र दोन्हीकडे तोच. कोर्ट रुंदावले असले तरी खेळाडू दुप्पट झाल्याने मोकळी जागा उलट कमी होते.

40-40 झाले की पाहा. डब्ल्यूटीएच्या नेहमीच्या स्पर्धांत दुहेरीला ॲडव्हांटेज नसतो, एकाच गुणावर गेम जातो आणि तो रिटर्न कोणी घ्यायचा हे घेणारी जोडी ठरवते. समोर नेटपाशी एकजण मधल्या रेषेवर जवळजवळ उकिडवी बसलेली, पाठीमागे बोटांनी सर्व्हिसवालीला खूण करते : डावीकडे जाणार की उजवीकडे. ती सर्व्हिस सुटल्यावर हलते. रिटर्न मारणारीने तिच्याकडे पाहिले की चेंडू हमखास उशिरा लागतो. एकेरीत असा गुण गमावला तर सावरायला वेळ असतो. इथे 1-1 सेट झाले तर तिसऱ्या सेटऐवजी 10 गुणांचा टायब्रेक होतो, सावरायला जागाच नाही. ग्रँडस्लॅममध्ये मात्र तिसरा सेट पूर्ण खेळतात.

शरीराच्या दृष्टीने दुहेरी सोपी पडते हे खरे. एकेरीत दर दुसऱ्या गेमला सर्व्हिस, दुहेरीत दर चौथ्या. सानिया मिर्झा 2007 मध्ये एकेरीत 27 वी होती. पुढे मनगटाच्या दुखण्याने ती बेजार झाली, 2013 मध्ये तिने एकेरी सोडली आणि एप्रिल 2015 मध्ये ती दुहेरीत जगात पहिली झाली. मार्टिना हिंगिसबरोबर तिने सलग 41 सामने जिंकले. क्वेता पेश्के तर 2011 मध्ये छत्तिसावा वाढदिवस काही दिवसांवर असताना दुहेरीत अव्वल झाली.

प्रश्न : दुहेरीत गेलेली खेळाडू एकेरीत परत येऊ शकते का?

येऊ शकते, पण क्वचित. बार्बोरा क्रेचिकोव्हा 2018 मध्येच दुहेरीत अव्वल झाली होती, तेव्हा एकेरीत ती पहिल्या शंभरात एकदाही पोचली नव्हती. तिथे शिरायला 2020 उजाडले. 2021 मध्ये तिने फ्रेंच ओपनची एकेरी आणि दुहेरी दोन्ही जिंकल्या, 2024 मध्ये विम्बल्डनची एकेरी. या यशाच्या मुळाशी दुहेरीच आहे : स्लाइस (कापून मारलेला फटका), लॉब (डोक्यावरून उंच मारलेला चेंडू), चेंडूची गती मोडून काढणे. पण ती पात्रता फेऱ्या आणि लहान स्पर्धा खेळत राहिली होती, हे विसरू नये. एकेरीची क्रमवारी पुरती पुसली गेली की अगदी तळच्या डब्ल्यू 15 पासून चढावे लागते. दुहेरीची नामवंत खेळाडू तिशीत तिथे जायला सहसा तयार होत नाही.

उलटा प्रवासही होतो. सारा एरानी 2012 मध्ये फ्रेंच ओपनच्या एकेरीच्या अंतिम फेरीत होती, एकेरीत पाचवीपर्यंत गेली; 2024 चे ऑलिम्पिक सुवर्ण आणि 2025 ची फ्रेंच ओपन तिने जास्मिन पाओलिनीबरोबर दुहेरीत जिंकली. 2025 मध्ये अमेरिकन ओपनने मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेआधी उरकली, जोड्या फक्त 16 ठेवल्या आणि त्यांतल्या आठ एकेरीच्या क्रमवारीवर घेतल्या. गतविजेत्या एरानी आणि आंद्रेआ वावासोरी यांना वाइल्ड कार्डवर यावे लागले. अंतिम फेरीत त्यांनी इगा श्वियाँतेक आणि कॅस्पर रूड यांना हरवले.